रिफॉर्मरच्या कॅटॅलिस्टवरचा कोक: बसतो कसा आणि जाळायचा कसा

गणपतीला घरी आलो होतो तेव्हा भाचा म्हणाला, मामा, तुमच्याकडं कोक जाळायला तीन-तीन दिवस लागतात म्हणे, आमच्या भट्टीत तर बघता बघता ढीग संपतो. त्याचं काही चुकलं नाही. ज्याचं घर उद्यमबागेतल्या फाउंड्रीवर चाललंय त्याला कोक म्हणजे पैसे मोजून आणायचा माल, क्युपोलात पिग आयर्न आणि चुनखडीबरोबर थर लावायचा, खालून ब्लोअर सोडायचा, जेवढा वारा तेवढी आग. आमच्याकडं, म्हणजे नाफ्थाचं (कच्च्या तेलातल्या हलक्या भागाचं) चांगलं पेट्रोल करणाऱ्या रिफायनरीतल्या रिफॉर्मर युनिटात, तोच कोक फुकट येतो, नको असताना येतो, आणि त्याला जाळताना वारा असा मोजून द्यायचा जसं आजारी माणसाला चमच्यानं पेज देतात. पोरगा केमिकलचा डिप्लोमा करून आता ट्रेनी ऑपरेटर म्हणून लागलाय, त्याला टपरीवर सांगायला बसलो आणि पाऊस आला, राहिलं अर्धं. म्हणून इथं सगळं लिहायलोय. खानापूर, निपाणी, चिकोडीकडची बरीच पोरं हल्ली रिफायनऱ्यांत जायलीत, त्यांच्या पण उपयोगाला येईल. आकडे मी देतोय ते अंदाज यावा म्हणून, तुमच्या युनिटच्या मॅन्युअलमध्ये जे असेल तेच खरं धरायचं.

आधी कॅटॅलिस्ट, म्हणजे स्वतः न संपता रिअ‍ॅक्शन घडवणारा उत्प्रेरक, काय चीज आहे ते बघू. ज्वारीच्या दाण्यापेक्षा बारीक गोळ्या नाहीतर शेवेच्या तुकड्यांसारखे एक्स्ट्रुडेट, आत अ‍ॅल्युमिना. आपल्या यमनापूरला हिंडाल्कोत अ‍ॅल्युमिना बनतो हे बेळगावात सगळ्यांना माहीत, हा पण अ‍ॅल्युमिनाच फक्त गॅमा जातीचा, आतून स्पंजासारखा भोकाभोकाचा. त्यावर प्लॅटिनम, साधारण पाव टक्का, आणि एक टक्क्याच्या आसपास क्लोराइड. पाव टक्का ऐकून हसू नका, तीस टन कॅटॅलिस्ट असेल तर ७५ किलो प्लॅटिनम झालं, आख्ख्या खडेबाजारात तेवढं सापडायचं नाही. प्लॅटिनमचं काम हायड्रोजन काढायचं, क्लोराइडमुळं आम्लपणा येतो त्याचं काम साखळ्या वळवायचं. दोन्ही मिळून कमी ऑक्टेनच्या (ऑक्टेन म्हणजे पेट्रोल इंजिनात न ठोकता किती चांगलं जळतं त्याचा आकडा) नाफ्थाचं जास्त ऑक्टेनचं रिफॉर्मेट होतं आणि वर हायड्रोजन मिळतो. व्लादिमिर हेन्सेलनं यूओपी या अमेरिकन कंपनीत हे प्लॅटिनमवालं काम बसवलं, पहिलं युनिट १९४९ ला चाललं, १९६० च्या दशकाच्या शेवटी शेवरॉननं त्यात रेनियम घातलं, ते घातलं मुख्यतः याच कोकमुळं, रेनियम असलं की तेवढाच कोक बसून पण कॅटॅलिस्ट जास्त दिवस काम करतो.

आता कोक बसतो का. हायड्रोजन काढायचा हाच धंदा असल्यावर कुठंतरी जास्त निघणारच. कार्बनच्या एका रिंगला दुसरी रिंग चिकटते, तिला तिसरी, प्रत्येक वेळी थोडा थोडा हायड्रोजन गळतो, शेवटी काळा थर उरतो ज्यात जवळपास सगळा कार्बनच. कुंदा करताना बघितलंय ना, दूध आटवत आटवत तपकिरी करायचं, पण उलथनं थांबलं की बुडाला खरवड धरते आणि मग ती सुटत नाही. रिफॉर्मरमध्ये उलथन्याचं काम फिरता हायड्रोजन करतो. अर्धवट जुळलेल्या रिंगांना तो परत हायड्रोजन देऊन सोडवतो. म्हणून रिसायकल गॅस (हायड्रोजनवाला हा फिरता गॅस) कमी केला की वीज वाचते, कोक वाढतो. प्रेशर कमी केलं की रिफॉर्मेट आणि हायड्रोजन जास्त मिळतो, पण कोक पण वाढतो. टेंपरेचर वाढवलं की ऑक्टेन वाढतो, आणि कोक त्याहून वाढतो. फुकट काहीच नाही.

सगळ्यात वाईट फीडचा शेपटाकडचा भाग. नाफ्थाचा एंड पॉइंट (शेवटचा भाग उकळतो ते टेंपरेचर) १८० अंशाच्या आसपास असला तर ठीक, तो २०० च्या पुढं सरकला की जड रिंगा येतात आणि त्या म्हणजे तयार कोकच समजा. खालच्या शिफ्टला डिस्टिलेशनवाल्यानं उत्पादन वाढवायला कट थोडा ओढला तर त्याला त्या दिवशी शाबासकी मिळते आणि तीन महिन्यांनी शिव्या आपल्याला. मी तर नवीन पोरांना सांगतो, रोज लॅबच्या रिपोर्टमध्ये आधी एंड पॉइंट बघा, मग सल्फर (प्लॅटिनम-रेनियमला अर्धा पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाखात अर्ध्या भागापेक्षा, कमीच पाहिजे), बाकी सगळं चहा पिऊन बघितलं तरी चालतं.

आणि एक, ज्यात पोरं हमखास फसतात. रिअ‍ॅक्टर तीन किंवा चार असतात, मध्ये मध्ये हीटर. पहिल्या रिअ‍ॅक्टरमध्ये टेंपरेचर सगळ्यात जास्त पडतं, कारण सोप्या रिअ‍ॅक्शन तिथंच होतात आणि त्या उष्णता खातात. म्हणून वाटतं जास्त काम तिथं, जास्त कोक पण तिथंच. उलटं आहे. शेवटच्या रिअ‍ॅक्टरमध्ये टेंपरेचर फार पडत नाही, म्हणजे अख्खा बेड (कॅटॅलिस्टचा भरलेला थर) गरमच राहतो, आणि माल अरोमॅटिकनं (रिंगवाल्या रेणूंनी) भरलेला, त्यामुळं सगळ्यात जास्त कोक तिथं. कॅटॅलिस्ट पण बहुतेक वेळा तिथंच सगळ्यात जास्त भरलेला असतो.

जाळायची वेळ आली हे कळतं कसं? तोच ऑक्टेन मिळवायला इनलेट टेंपरेचर दर आठवड्याला थोडं थोडं वर न्यावं लागतं. रिसायकल गॅसमधला हायड्रोजन घसरतो, एलपीजी आणि हलका गॅस वाढतो, रिफॉर्मेट कमी होतं. रिअ‍ॅक्टरमधला टेंपरेचरचा उतार कमी होत जातो. हीटर लिमिटला लागला किंवा नुकसान परवडेना झालं की युनिट बंद करून रीजनरेशन, म्हणजे कोक जाळून कॅटॅलिस्ट परत ताजा करणं. असं बंद करून जाळायचं युनिट म्हणजे सेमी-रीजन, ते साधारण सहा महिने ते दोन वर्षं चालतं, वापरावर आहे, आणि शेवटी कॅटॅलिस्टवर वजनाच्या १०-१५ टक्के पण कोक असू शकतो.

आता खरं काम. फीड बंद करायचा, पण हायड्रोजन फिरता ठेवायचा, गरम गरम, म्हणजे कॅटॅलिस्टवर अडकलेला नाफ्था निघून येतो आणि सल्फर पण झडतो. ही पायरी कंटाळवाणी म्हणून लोक अर्ध्यात उरकतात आणि तिथंच मार खातात. सल्फर राहिला तर जाळताना त्याचा सल्फेट होऊन अ‍ॅल्युमिनाला चिकटतो, क्लोराइडची जागा अडवतो आणि मग नंतरचं ऑक्सिक्लोरिनेशन (क्लोरीन-ऑक्सिजननं प्लॅटिनम परत पसरवायची पायरी) कितीही छान केलं तरी प्लॅटिनम नीट पसरत नाही. हीटरच्या ट्यूबमधला आयर्न सल्फाइडचा गाळ पण असाच, हवा लागली की सल्फर डायऑक्साइड बनवून पुढं पाठवतो.

मग थंड करून प्रेशर सोडायचं आणि नायट्रोजननं धुवायचं, गॅसमधला हायड्रोजन-हायड्रोकार्बन अर्ध्या टक्क्याच्या खाली येईपर्यंत. नंतर ब्लाइंड, म्हणजे पाइपच्या जोडात घालायच्या बंद लोखंडी चकत्या. हायड्रोट्रीटरकडची (फीडमधला सल्फर काढणारं युनिट), नेट गॅसकडची (बाहेर जाणारा जादा हायड्रोजनवाला गॅस), फ्युएल गॅसकडची, सगळी. व्हॉल्व बंद आहे म्हणजे ब्लाइंड नको असं कोणी म्हणालं तर त्याचं ऐकायचं नाही, मग तो कितीही मोठा साहेब असू दे, एका बाजूला हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूला हवा असताना मध्ये फक्त व्हॉल्वची गादी ठेवून झोप कशी लागंल. ब्लाइंडची यादी हातात घेऊन स्वतः चालत जाऊन बघायची.

आता कॉम्प्रेसरवर नायट्रोजन फिरवायला घ्यायचा. इथं एक गंमत, रोज हा कॉम्प्रेसर हलका गॅस ओढतो आणि आता नायट्रोजन, म्हणजे कितीतरी पटीनं जड. सेंट्रिफ्युगल असेल तर स्पीड कमी लागतो, लोड आणि डिस्चार्ज टेंपरेचरवर डोळा ठेवावा लागतो. इनलेट टेंपरेचर ४०० च्या आसपास आणायचं, शेवटच्या रिअ‍ॅक्टरनंतर कूलरच्या आधी कॉस्टिक सोड्याचं पाणी सोडायला सुरू करायचं, कारण जाळताना क्लोराइड सुटतो, पाणी तयार होतं, कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि ते सगळं मिळून कूलरचं लोखंड खातं. सोड्याचा पीएच ८ च्या आसपास टिकतोय का हे दर तासाला बघायचं. मग हवा.

हवा किती? इथं थांबून हिशेब करू, कारण हे समजलं की बाकी सगळं समजतं. फिरत्या नायट्रोजनमध्ये १ टक्का ऑक्सिजन जळला की गॅसचं टेंपरेचर साधारण १०० ते १३० अंशांनी चढतं. म्हणजे इनलेट ४०० आणि ऑक्सिजन अर्धा ते पाऊण टक्का, तर बेड ४७०-४९० पर्यंत जाईल, हे चालतं. तोच ऑक्सिजन ३ टक्के झाला तर बेड ७०० च्या पुढं, आणि तिथं प्लॅटिनमचे बारीक कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, अ‍ॅल्युमिनाची भोकं मिटायला लागतात. नुसत्या हवेत २१ टक्के आहे, विचार करा.

समजा ३० टन कॅटॅलिस्ट, १२ टक्के कोक, म्हणजे ३.६ टन कोक. एक किलो कोक जाळायला जवळजवळ ३ किलो ऑक्सिजन लागतो (कार्बनला २.६७, कोकमधल्या थोड्या हायड्रोजनला जास्त), म्हणजे एकूण साडेदहा टन. गॅस ताशी ६०,००० नॉर्मल घनमीटर फिरतोय आणि त्यात ०.७ टक्के ऑक्सिजन ठेवला तर ताशी ६०० किलो ऑक्सिजन जातो. भागाकार केला की साडेसतरा तास. हे कागदावर. प्रत्यक्षात सुरुवातीला कमी ऑक्सिजननं चालावं लागतं, मध्ये कधी हवा तोडावी लागते, शेवटी टेंपरेचर वाढवून परत एक फेरी मारावी लागते, म्हणून दीड-दोन दिवस धरूनच चालायचं. आमचा एक पॅनलवाला बैलहोंगलचा होता, हवेचा व्हॉल्व जरा जास्त उघडलेला दिसला की ओरडायचा, निधान री, निधान! कानडीत निधान म्हणजे सावकाश. मराठीत निदान म्हणजे रोग ओळखणं. बर्न करताना दोन्ही लागतं, असं आम्ही चेष्टेनं म्हणायचो.

कोक जळतो तो वरून खाली आणि पहिल्या रिअ‍ॅक्टरपासून पुढं. ऑक्सिजन सगळा पहिल्यातच खाऊन टाकला जातो, त्याचा संपला की मग दुसऱ्यात टेंपरेचर उठतं, असं करत शेवटच्यात, तिथं सगळ्यात जास्त वेळ. बेडमधल्या थर्मोकपलकडं (टेंपरेचर मोजायच्या तारांकडं) बघत बसलं की जळती कड खाली सरकताना दिसते: वरचा काटा ४८५ ला जातो, तासाभरात उतरायला लागतो, मधला उठतो, मग खालचा. शेवटच्या रिअ‍ॅक्टरच्या आउटलेटला ऑक्सिजन दिसायला लागला आणि डेल्टा टी (इनलेट-आउटलेटच्या टेंपरेचरमधला फरक) गेला की पहिली फेरी संपली. प्लॅटिनमला चिकटलेला कोक आधी आणि कमी टेंपरेचरला जळतो, अ‍ॅल्युमिनावरचा जाड आणि हट्टी, म्हणून इनलेट ४८० च्या आसपास नेऊन ऑक्सिजन हळूहळू वाढवत परत बघायचं, कुठंच टेंपरेचर उठलं नाही तर झालं.

आता माझ्यावर आलेला प्रसंग. घरापासून लांब एका रिफायनरीत होतो, नाव नको. रात्री दोनचा सुमार, शेवटचा रिअ‍ॅक्टर जळत होता, ऑक्सिजन अ‍ॅनलायझर इनलेटला ०.६ दाखवत होता, अगदी सरळ रेघ. बेडचा खालचा काटा ४८८ वरून ५०५, मग ५२०. शिफ्टचा मोठा माणूस म्हणाला थर्मोकपल बिघडलं असेल, अ‍ॅनलायझर बघा की, कसा स्थिर आहे. मी पण दोन मिनिटं ऐकलं त्याचं, तेच चुकलं. बाजूचं दुसरं थर्मोकपल उठलं तेव्हा हवा तोडली, तोपर्यंत ५६० ला गेलं होतं. सकाळी बघितलं तर अ‍ॅनलायझरच्या सॅम्पल लाइनमधलं पाण्याचं भांडं भरून लाइन तुंबलेली, अ‍ॅनलायझर तासाभरापूर्वीचाच गॅस चाखत बसला होता, म्हणून तर रेघ एवढी सरळ. पुढं कॅटॅलिस्ट उपसला तेव्हा त्या भागात चिकटून झालेले ढेकळासारखे गोळे निघाले. तेव्हापासून माझा नियम: अ‍ॅनलायझर आणि बेड भांडायला लागले तर बेड खरा. आधी हवा बंद, मग चर्चा. हवा तोडल्यानं फक्त वेळ जातो. आणि दर दोन तासांनी सॅम्पल लाइन फुंकायची, हातातल्या मीटरनं एकदा ताडून बघायचं.

कोक गेला म्हणजे कॅटॅलिस्ट नवा झाला असं नाही. जळताना प्लॅटिनमचे कण थोडे मोठे झालेले असतात आणि क्लोराइड उडालेला असतो. म्हणून ऑक्सिक्लोरिनेशन: ५०० ते ५१० अंश, ऑक्सिजन आता ५ टक्क्यांच्या आसपास (आता कोक नाही म्हणून एवढा देता येतो, कोक राहिला असेल तर इथंच आग), आणि बरोबर पर्क्लोरोइथिलीन सोडायचं, हेच ते ड्रायक्लीनिंगवाले वापरतात ते. क्लोरीन आणि ऑक्सिजन मिळून प्लॅटिनमला जागेवरून उठवून परत बारीक पसरवतात. काही तास लागतात, घाई नको. मग कोरड्या गॅसनं वाळवायचं.

नंतर हवा पूर्ण धुवून काढायची, नायट्रोजन, मग हायड्रोजन घालून रिडक्शन. हायड्रोजन स्वच्छ पाहिजे, त्यात हायड्रोकार्बन असेल तर ताजं प्लॅटिनम त्याला फाडून खातं, गरम होतं आणि नव्या कॅटॅलिस्टवर पहिल्याच तासाला कोक. प्लॅटिनम-रेनियम असेल तर त्याच्यानंतर थोडा सल्फर मुद्दाम द्यावा लागतो, डीएमडीएस (सल्फरवालं एक द्रव रसायन) किंवा एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड गॅस), आउटलेटला एचटूएस दिसेपर्यंत. आयुष्यभर सल्फर नको नको म्हणायचं आणि इथं स्वतःच्या हातानं द्यायचा, भाच्याला हे पटेना. पण ताजं रेनियम फार आगाऊ असतं, साखळ्या तोडून मिथेन करत सुटतं, सल्फरनं जरा जागेवर बसतं. प्लॅटिनम-टिनला हे लागत नाही. मग फीड घ्यायचा, आणि रिसायकल गॅसमधलं पाणी ५० पीपीएमच्या खाली येईपर्यंत टेंपरेचर चढवायची घाई करायची नाही, नाहीतर पाणी क्लोराइड धुवून नेतं, आधी केलेली मेहनत वाया.

सीसीआर, म्हणजे चालू असतानाच सतत कॅटॅलिस्ट रीजनरेट करणारं युनिट, असेल तर हे सगळं बंद न करता चालतं, १९७१ पासून आहेत ही युनिटं. कॅटॅलिस्ट हळूहळू खाली सरकतो, लिफ्ट गॅसनं वर रीजनरेटरमध्ये जातो, तिथं वर बर्न झोन, खाली क्लोरिनेशन झोन, मग वाळवण. त्यामुळंच रिअ‍ॅक्टर कमी प्रेशरला चालवता येतो, कोक जास्त झाला तरी रोज जळतो. इथं कोक साधारण ४ ते ६ टक्के असावा. धोका एकच मोठा: बर्न झोनमध्ये कोक पूर्ण जळला नाही आणि तसाच खाली गेला तर तिथं ऑक्सिजन भरपूर, मग आतल्या जाळ्या वितळायची वेळ येते. यावर उपाय साधा आहे. रीजनरेटरखालचा सॅम्पल घ्यायचा, पांढऱ्या कागदावर दहा-वीस गोळ्या टाकायच्या, ब्लेडनं एकेक मधोमध फोडायची. बाहेरून सगळ्या स्वच्छ दिसतात, आत काळा ठिपका दिसला की समजायचं बर्न अर्धवट आहे, सर्क्युलेशन कमी करा. मी लॅबच्या रिपोर्टची वाट न बघता हे स्वतः करतो, नख आणि चष्मा पुरतो.

खत कारखान्यात किंवा हायड्रोजन प्लँटला लागलेल्यांसाठी दोन ओळी, कारण तिकडचा रिफॉर्मर वेगळा, वाफेबरोबर फीड तोडून हायड्रोजन बनवणारा. तिथं निकेल, ट्यूबमध्ये भरलेला, आणि कोक होतो तो वाफ कमी पडली की. स्टीम-कार्बन रेशो (वाफ आणि फीडमधला कार्बन यांचं प्रमाण) ३ च्या आसपास असतो, तो घसरला किंवा कॅटॅलिस्ट सल्फरनं मेला की ट्यूबच्या वरच्या एक तृतीयांश भागात लाल पट्टा दिसतो. भट्टीच्या पीपहोलमधून (बघायच्या भोकातून) रोज बघायचं. कोक काढायचा तर फीड बंद करून वाफेनं, काही तास, लवकर पकडला तर निघतो. पण निकेलवर कार्बनचे केसासारखे तंतू वाढले की ते गोळीच फोडतात, मग वाफेनं काही होत नाही, ट्यूब रिकामी करणं आलं.

शेवटी शटडाउनला ठेक्यावर कॅटॅलिस्ट भरायला-उपसायला जाणाऱ्या पोरांसाठी, कारण आपल्याकडची जास्त पोरं तिथंच जायलीत. न जाळलेला कॅटॅलिस्ट उपसताना त्यात कोक आणि आयर्न सल्फाइड असतं, हवा लागली की आपोआप पेटतं, म्हणून रिअ‍ॅक्टरमध्ये नायट्रोजन भरलेला असतो. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, दोन श्वासात माणूस खाली बसतो आणि त्याला उचलायला गेलेला पण बसतो. हात घालून मॅनहोलमध्ये वाकून बघायचं पण नाही. आत जायचं काम ज्यांना हेल्मेटवाली ब्रीदिंग एअर, दुसरी बॅकअप लाइन आणि वर दोरी धरून बसलेला माणूस आहे त्यांचंच. नायट्रोजन नसलेल्या रिअ‍ॅक्टरमध्ये उतरायला सांगितलं तरी मीटर स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, तळाशी, मध्ये आणि वर, तिन्हीकडं २०.९ दिसल्याशिवाय शिडीवर पाय ठेवायचा नाही, मुकादम कितीही वैतागला तरी.